उमामाची शेळी

"अरे, ही बुडतेय!" म्हातारी ओरडली.

"बुडत नाही, खाला. हलतेय. होडी म्हटल्यावर ती हलणारच."

"मग हलवू नकोस."

होडी न हलवता दलदलीतल्या गावाला पोचायचं कसं, हे मी तिला विचारलं नाही. ती बरोबर मधोमध बसली होती. दोन्ही हातांनी दोन्ही काठ घट्ट धरलेले, डोळे गच्च मिटलेले आणि तोंडाने देवाचं नाव अखंड चालू. आयुष्यभर वाळूत राहिलेली बाई. घोटभर पाण्यासाठी जमीन उकरायची सवय असलेल्या माणसाला चहूकडून पाणीच पाणी दिसलं की काय होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"किती राहिलं?"

"हे काय, आलंच."

"मघाशीही हेच म्हणालास."

तिचं खरं होतं. गावाला जायला सरळ वाट होती आणि मी मुद्दाम बोरूच्या बनाला वळसा घालून चाललो होतो. लांब काठी तळाला टेकवायची आणि होडी पुढे रेटायची, एवढंच काम. पण त्या दिवशी हात पुढे सरकत नव्हता. कारण म्हातारी माझ्या घरी आपली नात न्यायला निघाली होती, आणि ती नात कडेवर घेऊन माझी बायको शमूनी घरी होती. शमूनीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

म्हातारीला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणत होतो; बाकी सगळे उम्म जुंदुब म्हणत, म्हणजे जुंदुबची आई. अरबांत बाईला अशीच हाक मारतात, पोराच्या नावाने. पोरगा आता या जगात नव्हता, तरी नाव तेच राहिलं होतं.

जुंदुबची आणि माझी ओळख बसऱ्यातली. बसरा तेव्हा नवं होतं. आज तिथे विटांची घरं आहेत, मोठी मशीद आहे, बाजारात हिंदपासून चीनपर्यंतचा माल मिळतो. तेव्हा यातलं काही नव्हतं. वाळवंटातून आलेल्या अरबांच्या फौजांनी इराणच्या शहेनशहाचं सैन्य मोडलं आणि जिथे त्यांची वाळू संपते, आमची दलदल सुरू होते, तिथे तळ दिला. त्या तळाची घरं आमच्या बोरूची. बोरूच्या कमानी, बोरूचे कुड, वर बोरूचीच चटई. फौज मोहिमेवर निघाली की हे लोक घरंच्या घरं उतरवायचे, मोळ्या बांधून ठेवायचे, आणि परतल्यावर पुन्हा उभी करायचे. असं घर मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण मला काय? उतरवायलाही मी, नरसई, हवा आणि उभारायलाही मीच. आमच्या गावात लोक म्हणायचे की जग बदललं. मी म्हणायचो, बदललं असेल, बोरू अजून ओलाच कापावा लागतो.

इराणातल्या इस्तख्र शहरावरच्या मोहिमेचा हुकूम आला, तेव्हा मी जुंदुबचं घर उतरवायला गेलो. पोरगेलासा शिपाई, जेमतेम दाढी फुटलेला. दारातच उभा होता, हातात एवढंसं गाठोडं. गाठोडं रडत होतं. बायको बाळंतपणात गेली होती. टोळीतल्या पाजत्या बायका नवऱ्यांबरोबर मोहिमेवर निघालेल्या, मागे राहिल्या होत्या त्या म्हाताऱ्या. आई दूर यमामाच्या वाळवंटात. तिला निरोप धाडला होता, पण ती येईपर्यंत काय?

"नरसई, तुझ्या गावात हिला कुणी सांभाळेल?" तो म्हणाला. "शेळी देतो. नुकतीच व्यायलीय, भरपूर दूध आहे. आई आली की घेऊन जाईल. हिचं नाव उमामा ठेवलंय."

मी होय म्हणालो. का म्हणालो ते त्याला सांगितलं नाही. आठवडाही झाला नव्हता, आमचं दुसरं मूल गेलं होतं. पहिलं जन्मताच गेलं, हे थोडे दिवस राहून गेलं. शमूनी छातीला फडकं आवळून कोपऱ्यात बसलेली असायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची, आणि बोलायची मात्र काहीच नाही. मी एका हातात ते गाठोडं आणि दुसऱ्या हातात शेळीची दोरी घेऊन घरी गेलो. शमूनीने गाठोड्याकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि छातीचं फडकं सोडलं.

शेळी नुसती निमित्ताला होती. तिला आमची दलदल मानवली नाही, थोड्याच दिवसांत तापाने गेली. उमामा मात्र बाळसं धरायला लागली आणि शमूनी बोलायला लागली. इतकी बोलायला लागली की मी मुद्दाम लवकर कामावर निघायचो.

पण शेजारच्या तक्ला मावशीने आमच्या जिवाला घोर लावला. ती म्हणाली, "बाई गं, हे राज्य करणारे लोक. डुकराला शिवत नाहीत. आणि तू जन्मभर रानडुक्कर खाल्लेली. तुझं दूध त्यांच्या पोरीच्या पोटात गेलेलं कळलं, तर ते काय करतील?" हे ऐकून आमची पाचावर धारण बसली. शमूनीने त्या दिवसापासून रानडुक्कर सोडलं. मला म्हणाली, "तुला खायचं तर होडीत बसून खा, घरात वास नको." दीड वर्ष मी होडीत बसून जेवलो. बायकोच्या धर्मापायी नाही, स्वतःच्या धर्मापायी नाही, दुसऱ्याच्याच पोरीच्या धर्मापायी! आणि आपसात ठरलं होतं, की कुणी विचारलं तर शेळीचं दूध सांगायचं.

"नरसई," म्हातारीने डोळे न उघडताच विचारलं, "त्या दिवशी तो कसा दिसत होता रे?"

मी काठी थांबवली.

"बरा होता, खाला. घर उतरवायला मला हातभार लावत होता. कामाचा उरक नव्हता त्याला. गाठी सगळ्या सैल. मी मागून पुन्हा बांधल्या."

"लहानपणापासून तसाच. उंटाचा लगामसुद्धा मलाच बांधायला लागायचा." ती थोडी हसली. "रडला?"

"पोरीला माझ्या हातात देताना नाही रडला. मग मी मागे वळून पाहिलं, तेव्हा रडत होता."

निरोप मिळाला तेव्हा म्हातारी आजारी होती. बरी होऊन काफिल्याबरोबर बसऱ्याला पोचली, तर फौज परत आलेली आणि पोरगा इस्तख्रच्या वेशीबाहेर पुरलेला. सगळ्यांची घरं पुन्हा उभी राहिली होती. एकट्या जुंदुबच्या मोळ्या तशाच पडून होत्या.

"आता मला ती एकच उरली आहे," ती म्हणाली. "आज नेईन, म्हणजे परवाच्या काफिल्याबरोबर निघता येईल."

मी काठी जोरात रेटली. तिची एकुलती एक नात. माझ्या घरात जी होती, ती माझीही नव्हती आणि शमूनीचीही नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शमूनीलाही ठाऊक होतं, पण तिने ते कधी मनावर घेतलं नाही. ही पोर गेली तर माझी बायको पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसेल आणि या खेपेला परत येणार नाही, अशी मला धास्ती होती.

गाव आलं. शमूनी काठावर मासे साफ करत होती आणि उमामा तिच्या पाठीला लोंबकळत होती. काळ्या बुरख्यातली परकी म्हातारी होडीत दिसली, तशी शमूनी उभी राहिली. माशाची सुरी हातातून खाली पडली.

"हीच का?" तिने आमच्या भाषेत विचारलं.

"हीच."

म्हातारी इतकी घाईने उतरली की पाण्याची भीतीच विसरली, गुडघाभर चिखलातून चालत गेली. दोन्ही हात पुढे केले. "उमामा," ती म्हणाली, "ये गं माझ्या जुंदुबच्या लेकी." उमामाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शमूनीच्या मानेत तोंड खुपसलं. म्हातारीचे हात तसेच राहिले. मग तिने ते हळूच मागे घेतले आणि बुरख्याला पुसले, जणू चिखलच लागला होता.

घरात नेऊन आम्ही तिला खजूर आणि ताक दिलं. तिने खजूर हातात धरला, खाल्ला नाही. उमामाकडे एकटक बघत होती. पोरीचे दंड, पोरीच्या मांड्या, गालाला पडणारी खळी. मी दोन्ही बाजूंचं बोलणं इकडून तिकडे सांगत होतो, कारण शमूनीला अरबी येत नव्हती आणि म्हातारीला आमची भाषा येत नव्हती.

"अंगाने चांगली भरलीय," म्हातारी म्हणाली. "काय पाजलंत हिला?"

मी शमूनीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"शेळीचं सांग," ती पुटपुटली.

"शेळीचं, खाला. तुमच्या मुलाने दिली होती, तिचंच."

"देव तिचं भलं करो," म्हातारी म्हणाली आणि उठायला लागली. "कुठे आहे ती? जिने माझ्या नातीला जगवलं, तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवते."

हे काही आम्ही ठरवलेलं नव्हतं. "चरायला गेलीय," मी म्हणालो आणि लगेच पुढे बोलून बसलो, "आणतो." बाहेर पडलो तो थेट तक्ला मावशीच्या अंगणात. तिची एकुलती एक शेळी खुंटाला होती. मावशीला काही समजावत बसायला वेळ नव्हता. दोरी सोडली आणि ओढत घेऊन आलो.

म्हातारी दारात येऊन बसली होती. शेळी पाहून तिचा सारा चेहरा उजळला. दिवसभरात प्रथमच ती आपल्या ओळखीच्या कशाशी तरी बोलत होती. "ये गं ये," म्हणत तिने शेळीची मान खाजवली, कान पाहिले, पाठ थोपटली. मग सवयीने तिचा हात पोटाखाली कासेकडे गेला आणि तिथेच थांबला.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"नरसई, तुझी शेळी मोठी गुणाची रे. न विताच दूध देते."

मी शेळीची दोरी मागे ओढली.

"मी शेळ्यांतच जन्मले," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ही अजून एकदाही व्यायलेली नाही. आता खरं बोल. माझ्या नातीला काय पाजलंत?"

एवढ्यात शेळी ओरडली. अनोळखी अंगणात ओढून आणल्याचा राग तिलाही होताच. त्या आवाजाने उमामा दचकली, भोकाड पसरलं आणि धावत जाऊन शमूनीच्या अंगरख्याची गळपट्टी दोन्ही हातांनी ओढायला लागली. रोजच्याप्रमाणे. कुणापासून काय लपवायचं असतं हे तिला कुठे ठाऊक होतं?

शमूनी माझ्याकडे बघत होती. तिने पोरीचे हात बाजूला केले असते, तर कदाचित अजूनही काहीतरी सावरता आलं असतं. तिने ते केलं नाही. ती कुडाला टेकून खाली बसली, उमामाला मांडीवर घेतलं, ओढणीआड धरलं आणि पाजायला लागली. रडणं थांबलं.

"सांग तिला," शमूनी म्हणाली. "सांग, पहिल्या रात्रीपासून मीच पाजलंय. त्या दिवसापासून रानडुकराला शिवले नाही, हेही सांग. शेळी मेली म्हणून सांग. काय शिक्षा द्यायची ती मला द्या, नवऱ्याला नको, गावाला नको. फक्त आजची रात्र पोर माझ्याजवळ राहू दे. झोपेत नेली तर घाबरेल ती."

मी शब्दन् शब्द सांगितला. रानडुकराचंही सांगितलं. म्हातारीची नजर शमूनीवरून हलत नव्हती.

"रोज पाजलं? पोटभर?"

"रोज, खाला. दिवसा, रात्री, मागेल तेव्हा."

"मग शेळीची थाप कशाला?"

"तुम्हाला विटाळ वाटेल म्हणून. आम्ही डुक्कर खाणारे लोक. तुम्ही रागवाल म्हणून."

म्हातारीने कपाळावर हात मारला. एकदा, मग पुन्हा एकदा. मला वाटलं आता शिव्या येणार. पण ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मुलगा गेल्याचं सांगतानासुद्धा रडली नव्हती ती.

"अरे मूर्खांनो," ती म्हणाली. "डुकराच्या भीतीने तुम्ही माझ्या हातून केवढा अन्याय करवून घेणार होतात! आमच्यात रक्ताचं नातं जसं, तसंच दुधाचं. बाहेरच्या बाईने पोटभर पाजलं की ती आईच. तिला पुढे मुलं झाली तर ती या पोरीची सख्खी भावंडं. त्यांच्याशी हिचं लग्नसुद्धा लागत नाही. तुम्ही शेळीचं म्हणालात, म्हणून मला वाटलं, पोर सांभाळणाऱ्यांकडून घेऊन जायची आहे. मी तर आईच्या मांडीवरून लेक उचलणार होते. आणि तिला ठाऊकही नव्हतं, की ती आई आहे!"

मी ऐकत राहिलो. शमूनी माझा हात हलवत होती. "काय म्हणतेय ती? कधी नेणार?"

"थांब."

"आणि हा," म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवलं, "हा शेळीचोर हिचा बाप. बायकोचं दूध म्हणजे नवऱ्याचंही नातं."

मी? दीड वर्षात मी त्या पोरीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. दोन पोरं पुरून आलेला माणूस मी. जी जाणार हे पक्कं ठाऊक आहे, तिला कशाला उचलायचं? शमूनीला वाटायचं, मला पोर आवडत नाही. ती झोपली की मी जवळ जाऊन बसायचो, तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचो आणि ती जागी होण्याआधी उठायचो. हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

म्हातारीने डोळे पुसले. शेळीची दोरी सोडून दिली. शेळी आपली आपण मावशीच्या अंगणाकडे निघाली.

"नेण्याचा हक्क माझाच आहे, नरसई," ती म्हणाली. "काजीकडे गेले तर तोही हेच सांगेल. पण दोन वर्षांच्या आत आईचं दूध तोडायचं नाही असं आम्हाला शिकवलंय. आणि दोन वर्षांनंतर तरी मी काय करणार आहे? यमामाला जाऊन तंबूत बसायचं, मी आणि ही, आणि ही रात्रंदिवस आईसाठी रडणार. ठेवून गेले तर मी एकटी रडणार. माझं म्हणावं असं या जगात आता एकच माणूस आहे, आणि ते हिच्या मांडीवर आहे."

मग ज्या बाईच्या लोकांनी शहेनशहाचं राज्य घेतलं होतं, ती बाई मान खाली घालून, चटईच्या कडेशी चाळा करत बोलली.

"तुझ्या बायकोला विचार. एका म्हातारीला पडायला या घरात जागा होईल का? मला फार जागा लागत नाही. पाणी सगळीकडे आहे त्याचीही सवय करून घेईन."

मी शमूनीकडे वळलो आणि माझे डोळेच भरून आले. शमूनीने माझा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, संपलं. तिने उमामाला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली.

"बोल ना, नरसई! आजच का? आत्ताच?"

"नाही," मी कसाबसा म्हणालो. "नेत नाहीये. ती... ती जागा मागतेय, शमूनी. आपल्याकडे राहायला."

"मागतेय?"

"हो. तुझ्याकडे. म्हणतेय, आई तूच आहेस, म्हणून तुलाच विचारायचं."

शमूनीने म्हातारीकडे पाहिलं. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मग तिने मोठ्याने नाक ओढलं आणि तिच्या नेहमीच्या, सकाळी मला कामाला पिटाळायच्या आवाजात म्हणाली,

"तिला सांग, पोरीला दाढा येतायत. रात्रभर जागवते. मला झोप अशी नाहीच. राहायचं असेल तर उद्यापासून रात्री तिने उठायचं."

मी ते अरबीत सांगितलं. म्हातारी गुडघ्यांवर सरकत शमूनीच्या शेजारी येऊन बसली.

"उद्यापासून का?" ती म्हणाली. "आजपासून का नाही?"